मायच्या वाटणीच्या भाकरी

॥ श्री ॥
मुंबई, १० नोव्हेंबर १९६७

चि. सरलास, चुडामणदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

श्रावणात माय गेली, तेव्हापासून तुझं एक पत्र नाही. दिवाळीही कोरडी गेली. म्हणून मीच भांडण उकरून काढतो. आमच्या संस्थेतल्या गणकयंत्राबद्दल तुला मागे लिहिलं होतं. इथले भाषेचे एक प्राध्यापक म्हणतात की कला शाखेच्या मुलांनीही त्या यंत्राला कामं सांगायला शिकलं पाहिजे. जानेवारीत त्यांचा वर्ग निघतोय आणि तुझं नाव मी देऊन मोकळा झालोय. तू बी. ए. मराठी, माझ्या पत्रांतल्या चुका काढणारी. तुला नाही जमणार तर कुणाला? राहायचं आमच्याकडे, असं वहिनीने बजावलंय.

त्याआधी एक करायचं. घरातलं कुठलंही काम, काहीच न कळणाऱ्याला सांगावं तसं, एकेक पायरी करून लिहून पाठव. यंत्राला आपल्या मनाने काही कळत नाही.

बापूंना नमस्कार. रागाव हवं तर, पण उत्तर धाड.
तुझा, चुडामण

म्हसावद, १७ नोव्हेंबर

ति. चुडामणदादास, सरलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कापसाची वेचणी चालू आहे. बापू बरे आहेत, बोलत मात्र नाहीत. मराठीच्या मुलीने यंत्राशी काय बोलायचं, दादा? कविता कळायला ते लागत नाही. शिवाय मी आले तर बापूंना कोण वाढेल? माझं नाव काढून टाक.

खरं सांगू, मला काही वाटतच नाही. माय गेली तेव्हाही रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची. धीर कसला, हात चालतात आणि मी त्यांच्या मागे. तुझा शब्द मोडवत नाही म्हणून भाकरी लिहिली आहे. पीठ घे. गरम पाण्याने मळ. गोळा कर. थाप. तव्यावर टाक, वरून पाणी फिरव, उलट. निखाऱ्यावर शेक. दुरडीत ठेव. पुन्हा गोळा कर.

वहिनीस नमस्कार. आम्हा दोघांची आठवण असू द्या.
सरला

मुंबई, २५ नोव्हेंबर

चि. सरलास अ. आ. वि. वि.

तुझी भाकरी प्राध्यापकांना दाखवली. खूश झाले. एकच विचारलं, की थांबायचं कधी ते कुठे लिहिलंय? यंत्र असंच थापत राहील, जेवणारं कुणी असो वा नसो. मी म्हटलं, ते कुणालाही कळतं. ते हसले. म्हणाले, न सांगितलेलं ओळखणं हेच तर कविता वाचणाऱ्याचं काम, म्हणून मला ही मुलं हवीत. तेवढी एक ओळ पाठव. नाव काढलेलं नाही.

बापूंकडे लक्ष ठेव, आणि स्वतःकडेही.
चुडामण

म्हसावद, ४ डिसेंबर

ति. चुडामणदादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चुलीपुढेच वाचलं आणि दुरडीत पाहिलं. मायच्या वाटणीच्या भाकरी तिथे होत्या. ती गेल्यापासून मी रोज करते आहे आणि मला ते कळलंच नाही. सकाळी दुरडी रिकामी असायची. वाटायचं, शेजारच्या धनुबाई गायीला घालत असतील. त्यांना विचारलं तर त्यांनी मान खाली घातली. म्हणाल्या, तुन्हा बापूच खातस.

दादा, पोट भरल्यावरही ते त्या भाकरी खात होते. उरल्या असत्या तर माझ्या लक्षात आलं असतं, म्हणून.

आज दोघांपुरत्याच केल्या. बापूंनी दुरडीत पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी बोलले. म्हणाले, की पोट ते भरी जाये बेटा, पन तुले कसं सांगू, तुन्ही माय आते नही शे? माय आता नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू फुटलं. बापूंनी थांब म्हटलं नाही. तेही माझ्याबरोबर रडत बसले.

आता भाकरी ते स्वतः थापायला शिकताहेत. पहिली भाकरी करपली. नंदुरबारला गाडीत बसवून द्यायला येतो म्हणतात. वर्गाला येते मी, तू मुंबईला स्टेशनवर घ्यायला ये. राहिलेली ओळ खाली लिहिते आहे, ती प्राध्यापकांना दे.

जेवायला कोण आहे, ते आधी बघ. त्यांच्यापुरत्या झाल्या की थांब.

तुझी, सरला