थंड खोलीतलं पांघरूण

१२ जानेवारी
आज सकाळी थंड खोलीतल्या उंदरांवर पांघरूण घातलं. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मनाशी खोटं बोलता येणार नाही.

प्रयोग ज्यांचा त्या मॅडम उंदरांना दारूच्या सुया टोचून पलीकडच्या उबदार खोलीत गेल्या होत्या. इथं बारा अंश. टोचलेली दारू अंगातली ऊब उतरवते, हे त्यांनीच मला समजावलेलं. आठही डब्यांत थरथर चाललेली. एकानं नाक पोटात खुपसलं होतं. दादा दारूच्या दुकानाच्या पायरीवर पडायचा तेव्हा अस्साच दिसायचा! उबदार खोलीत माझं जुनं पांघरूण असतं. ते आणून डब्यांच्या जाळीवर पसरलं. अर्ध्या तासानं, मॅडम यायच्या आत, काढलं. भिंतीवरचा काटा बारावरच होता. वहीत रोजच्यासारखं लिहिलं — 'तापमान १२. सर्व ठीक.' सही केली.

१४ जानेवारी
पुन्हा घातलं.

१५ जानेवारी
गेटवरचा पहारेकरी म्हणतो, "नशीब लागतं हो काका! तुमच्या उंदरांना दारू फुकट, खोली फुकट, वर तुमच्यासारखा सेवेकरी! आमचा अर्ज घ्या की!" हसलो. बाकी काय करणार?

आज पाण्याचा दिवस. डब्यात दोन कप्पे — एक पट्ट्यांचा, एक पांढरा. एक दिवस दारू टोचून पट्ट्यांच्या कप्प्यात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचून पांढऱ्यात. असं चारदा. शेवटी मधली फळी काढायची, काही टोचायचं नाही, आणि जीव कुठं जाऊन बसतो ते बघायचं. मॅडमचा इंग्रजी शब्द माझ्या जिभेवर बसत नाही. मी म्हणतो, लळा. त्यांनाही तो आवडला — "काका, आज लळा किती?" असंच विचारतात. उबेत लळा लागतो, थंडीत लागत नाही, असा त्यांचा अंदाज. तीन वर्षं त्यापायी घातली बाईनं.

पाण्याच्या दिवशी उंदीर फारसे कुडकुडत नाहीत. म्हणून पांघरूण नाही.

१८ जानेवारी
दारूचा चौथा दिवस. परवाही घातलं होतं, आजही घातलं.

२० जानेवारी
फळ्या काढल्या. थंड खोलीतले आठच्या आठ पट्ट्यांच्या कप्प्यात!

"काका, माझा अंदाज चुकला, पण असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं! थंडीतही लळा!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मार्चअखेर त्यांची नेमणूक संपते. आता मुदत वाढेल म्हणाल्या.

दारू पट्ट्यांच्या कप्प्यात. पांघरूणही दारूच्याच दिवशी. म्हणजे त्याच कप्प्यात. त्यांना दारूचा लळा लागलाच नव्हता. उबेचा लागला होता — मी घातलेल्या!

मग दादाला तरी कशाचा लागला होता? पायरीवर पडला की रोज मी पांघरूण घेऊन जायचो.

२१ जानेवारी
आठही जण शेवटच्या खोलीत नेले. गॅस सोडण्याआधी देवाचं नाव घेतो, नेहमीच. आज नुसतं झाकण लावलं.

२ फेब्रुवारी
हिला सांगितलं. भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "भावजींवरही जन्मभर पांघरूणच घालत बसलात. ते तरी उठले का?" मग देठं बाजूला सारत — "आता यावरही घाला. तेवढंच तर येतं तुम्हाला."

लागलं. पण खोटं काय बोलली?

सांगितलं तर नवे आठ आणतील. ते कुडकुडतील, मी उभा राहून बघणार, मग शेवटची खोली. नाही सांगितलं तर खोटं खरं म्हणून छापलं जाईल, आणि त्यावर विसंबून दुसरे कुणी आणखी उंदीर मारतील. दया म्हणून केलं आणि दोन्हीकडून जीव जातो तो दुसऱ्याचाच. देवापुढे बसलो. त्यानं तरी काय बोलावं!

६ फेब्रुवारी
मॅडमना सांगितलं. काही लपवलं नाही. त्या पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

"काटा बारावर होता ना?"
"हो."
"वहीत बारा लिहिलंय ना?"
"हो."
"मग झालं, काका. तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही." मग हलकेच — "मार्चनंतर मला कुठं जागा नाही हो."

मान हलवून निघालो. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "काका... फार थंडी वाजत होती का त्यांना?"

दार ओढून घेतलं.

९ फेब्रुवारी
परवा तपासणी समिती येणार. वह्या बघणार. बघतात म्हणजे तापमान बघतात, सही बघतात, पान उलटतात. थंड खोलीची वही माझ्याकडेच असते. गप्प राहिलो तर कुणाला कधी कळणार नाही. पांघरूण धुऊन वाळत घातलं.

११ फेब्रुवारी
समिती यायच्या आधी वही उघडली. १२, १४, १६, १८ — चारही तारखांना 'सर्व ठीक' खोडलं आणि लिहिलं, 'डब्यांवर पांघरूण होतं. मी घातलं.' चार सह्या केल्या. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून गेलो आणि वही समितीच्या हातात दिली.