दीड मिनिटाचं राष्ट्रगीत

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा जगाच्या नकाशावर नसलेला एक देश आता आहे, आणि त्याचं राष्ट्रगीत मी वाजवलंय. हे तुम्हाला सांगायचा दुसरा काही मार्ग नाही म्हणून कागद घेऊन बसलोय. देशाचं नाव लिहीत नाही. तुमच्या लक्षात नावं राहायची नाहीत, पार्कसाइटच्या चाळीत बावीस वर्षं शेजारी राहिलेल्या बिऱ्हाडालाही तुम्ही ‘ते पलीकडचे’च म्हणायचात. आफ्रिकेतला देश आहे, बरीच वर्षं मारामारी होऊन वेगळा झालेला, एवढं पुरे.

तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी आमच्या कांजूरच्या इमारतीत तळमजल्यावर तिकडचा एक तरुण भाड्याने राहायला आला. पवईला इंजिनीअरिंग शिकत होता. उंच इतका की जिन्याच्या वळणावर रोज डोकं आपटायचा आणि रोज जिन्याला सॉरी म्हणायचा. हिंदी आपल्या नाक्यावर शिकला, त्यामुळे तुमच्या-माझ्यासारखीच मोडकीतोडकी बोलायचा. रविवारी आमच्याकडे वडे-सागोती खायला यायचा आणि मला दादा म्हणायचा. शिकून परत गेला, मग त्याचा देश झाला, आणि इंजिनीअरिंग राहिलं बाजूला, गडी झाला त्यांच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर. बरीच वर्षं त्या संघाला कुणी विचारत नव्हतं. मैत्रीचे सामने खेळायचे, तेही शेजारच्या देशातल्या क्लबांशी. जर्सी स्वतःच शिवून घेतलेल्या, आणि निकालाची नोंद कुठेही नाही. यंदा जागतिक संघटनेने त्यांना सदस्य करून घेतलं आणि पहिला अधिकृत सामना ठरला, परदेशात, भरलेल्या स्टेडियममध्ये. अधिकृत सामना म्हटला की आधी दोन्ही राष्ट्रगीतं वाजतात. म्हणून त्याने मला फोन केला.

त्यांच्याकडे रेकॉर्डिंग होतं, पण ते लष्करी बँडचं, अडीच मिनिटांचं, आणि माइक बहुतेक ट्रकमध्ये ठेवलेला. यजमानांचा नियम असा की फक्त वाद्यं हवीत आणि सगळं दीड मिनिटाच्या आत. मॅनेजर म्हणाला, “दादा, नब्बे मिनट में तो हम पिटेंगे, वो मालूम है. लेकिन उसके पहले का डेढ़ मिनट नहीं हारने का.” मी म्हटलं, दे पाठवून, करतो. अंधेरीला माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. तुम्ही तो पाहिला नाहीत. साबणाच्या, मसाल्याच्या जाहिरातींची गाणी करतो, मालिकांमध्ये सासू वळून बघते तेव्हाचं संगीत करतो. दीड मिनिटाचं काम म्हणजे माझ्या दृष्टीने एक दुपार.

चालीचा अंदाज यावा म्हणून त्याने खेळाडूंचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. वीस-पंचवीस पुरुष, सराव संपल्यावर, धापा टाकत गातायत. सूर बरा होता, लय मात्र पार वाऱ्यावर. सुरुवातीला एका चालीत, मग संथ, आणि दुसऱ्या ओळीनंतर तर सगळे चक्क थांबलेच, चांगले तीन-चार सेकंद, मग पुढे. मी हसलो. आमच्याकडे कानात टकटक करणारं क्लिक लावून वाजवतात, म्हणजे लय तसूभर हलत नाही. मी तसं लावलं, चाल सरळ केली, मधलं थांबणं काढून टाकलं, सुरुवातीला ट्रम्पेटची ऐटबाज चार मात्रांची प्रस्तावना जोडली आणि एक मिनिट बारा सेकंदांत राष्ट्रगीत संपवलं. झकास झालं होतं. मॅनेजरने ते पुढे पाठवूनही दिलं.

इथे मला थोडं मागे जायला हवं, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. मी तुमच्याबद्दल लोकांना कधी पूर्ण सांगितलं नाही. तुम्ही विक्रोळीच्या कारखान्यात होतात हे सांगायचो. पहिली पाळी संपवून तीन वाजता घरी यायचात, आई ओट्यापाशी चहा गाळत असायची, आणि तुम्ही क्लॅरिनेटची पत्ती ओली व्हायला तोंडात धरून पेपर वाचत बसायचात, हे कधीच नाही. कारखान्यातल्याच बारा जणांचा बँड होता तुमचा, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. लग्नसराईत तो कोट आमच्या दारात दोरीवर वाळत असायचा आणि मी कॉलेजच्या मित्रांना घरी आणायचो नाही. मला कोटाची लाज वाटते असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे तुमचीच वाटायची.

मुलुंडला माझं लग्न ठरवायला बसलो होतो तो दिवस आठवतो. सासरची मंडळी सगळी ऑफिसांतली, बँकेतली. सासऱ्यांनी विचारलं, वडील काय करतात? तुम्ही समोरच बसलेले, पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “कंपनीत आहेत.” तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि सासऱ्यांना म्हणालात, “हो, फर्स्ट शिफ्ट.” मग पोह्यांची ताटली उचललीत. घरी आल्यावर तुम्ही काही बोलाल म्हणून मी दोन दिवस उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही बोललाच नाहीत. बायकोला मी खरं पुढे वर्षभराने सांगितलं, तिला त्यात लपवण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

तर सामन्याच्या तीन दिवस आधी मॅनेजरचा व्हिडिओ आला. परक्या देशातल्या सरावाच्या मैदानावर संघ एका रांगेत उभा आहे, छातीवर हात, आणि स्पीकरवर माझं राष्ट्रगीत चालू आहे. प्रस्तावना सुरू झाली तेव्हा निम्मे जण चुकून गायला लागले आणि गप्प झाले. मग गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीत ते माझ्या अर्धा शब्द मागे होते, दुसऱ्या ओळीत दोन शब्द. मग त्यांच्या सवयीप्रमाणे ते थांबले, आणि माझं वाजवणं थांबलंच नाही. ते तिसऱ्या ओळीवर होते तेव्हा संगीत संपलं. उरलेलं त्यांनी तसंच, कशाच्याही साथीशिवाय, एकमेकांकडे बघत पूर्ण केलं. कप्तानाने शेवटी कान खाजवला. व्हिडिओखाली मॅनेजरने लिहिलं होतं, गाना अच्छा है दादा, लेकिन अपने लड़के पीछे रह जाते हैं.

माझे कान गरम झाले. सगळ्या जगासमोर पहिल्यांदा उभे राहणार आणि लोक म्हणणार, यांना स्वतःचं राष्ट्रगीत येत नाही. आणि याला कारणीभूत मी. तरीही पहिला विचार मनात आला तो काय, तर यांना जरा भरभर गायला शिकवा. फोन केला तो तेच सांगायला. बोलता बोलता सहज विचारलं, दुसऱ्या ओळीनंतर तुम्ही लोक थांबता कशाला?

तो म्हणाला, “उधर नदी का नाम है ना. उत्तरवाले लड़के अपनी भाषा में बोलते हैं, उनका शब्द लंबा है. बाकी लोग रुकते हैं.”

“पर क्यों?”

“क्यों मतलब? वो लोग अभी पहुँचे नहीं ना, दादा.”

मी फोन ठेवला. अण्णा, तुमच्या बँडमध्ये मी एकच हंगाम वाजवलं, अकरावीच्या सुट्टीत, साइड ड्रम. कन्नमवारनगरची ती वरात. सूर्य डोक्यावर, मला कधी एकदा हॉल येतोय असं झालेलं, आणि माझे हात पळायला लागले. बँड माझ्यामागे पळायला लागला. तुम्ही क्लॅरिनेट तोंडातून काढलंत, हात वर केलात आणि भर रस्त्यात सगळा बँड बंद केलात. “अरे, खंय पळतस? बाजो तू वाजयतस, पण चलतत ती माणसां. पाय बघ त्येंचे.” सगळी वरात माझ्याकडे बघत होती. नवरदेवसुद्धा घोड्यावरून वाकून बघत होता. हा किस्सा मी पुढे कितीतरी जणांना सांगितला, बापाने चारचौघांत कशी लाज काढली म्हणून. बँड कुणाचा होता ते अर्थात गाळून, कुठलं तरी शाळेचं पथक असल्यासारखं. पण त्या दिवशी स्टुडिओत मला पहिल्यांदाच आठवलं की तुम्ही बोट कुठे दाखवलं होतंत. वरातीच्या शेवटी नवऱ्याची आत्या होती, एका पायाने अधू, नऊवारी एका हाताने उचलून धरलेली. वरात तिच्या बरीच पुढे निघून गेली होती. तुम्ही बँड सुरू केलात तो ती येऊन पोचल्यावर, आणि तिच्या पायांवर लय धरून. चाल बिघडली नाही. फक्त मोठी झाली. कुणाला कळलंही नसेल की आपण हळू झालोय. मी मात्र हंगाम संपायच्या आत काठ्या तुमच्या ट्रंकेवर ठेवल्या आणि परत हात लावला नाही.

क्लिक बंद केलं. खेळाडूंचं ते धापा टाकतानाचं गाणं कानात लावलं आणि त्यांच्याबरोबर कीबोर्डवर वाजवायला बसलो. पहिल्यांदा जमेना. तीस वर्षं टकटकीवर वाजवणारा हात थांबायला तयार होत नाही, थांबा आला की बोटं आपोआप पुढे सरकतात. सात वेळा वाजवलं. आठव्यांदा उत्तरवाल्यांच्या त्या लांब शब्दाबरोबर एक सूर धरून ठेवता आला, नुसता धरलेला, पुढच्या ओळीची घाई न करता. पण आता वेळ दीड मिनिटाच्या बाहेर जायला लागली. प्रस्तावना काढून टाकली. वरातीत कोण प्रस्तावना वाजवतं? ड्रमचा एक रोल दिला की माणसांना कळतं, आता सुरू. जोगेश्वरीच्या एका शाळेतून साइड ड्रम मागून आणला, माझ्या हाताने रोल वाजवला. एक मिनिट सत्तावीस सेकंद झाले. मॅनेजरला पाठवलं. तो म्हणाला, यजमानांना देतो, पण पहिली फाइल त्यांच्या यंत्रात आधीच चढलेली आहे, बदलतील की नाही सांगता येत नाही.

सामना आपल्याकडे दुपारी चारला होता. बायको ऑफिसातून लवकर आली. लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवून आम्ही बसलो. दोन रांगा मैदानात आल्या. यांच्यातला गोलकीपर बुटांची नाडी सुटली म्हणून वाकला होता, त्याला कप्तानाने कोपर मारून उभं केलं. निवेदकाने देशाचं नाव घेतलं, अडखळत घेतलं, पण घेतलं. मग शांतता. ट्रम्पेट आलं तर मेलो, मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, “गप्प बस ना, ऐकू दे.”

रोल आला. अण्णा, सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. दुसरी ओळ झाली, आणि ते थांबले, आणि माझा सूर थांबला त्यांच्याबरोबर. स्टेडियममध्ये काही जणांनी शिट्ट्या मारल्या, यंत्र अडकलं असं वाटलं असणार. रांगेच्या टोकाला उभे असलेले तिघे उंच खेळाडू डोळे मिटून आपला शब्द पूर्ण करत होते. बाकीचे समोर बघत उभे. तिसरी ओळ सगळ्यांनी मिळून उचलली आणि शेवटचा शब्द आणि शेवटचा सूर बरोबर संपले. मी रडलो, सरळ सांगतो. बायकोने पाठीवर हात ठेवला. पुढे चार-शून्यने हरले. चौथा गोल तर गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. तिकडे विमानतळावर माणसं जमली होती, कुणी गोलांबद्दल विचारतच नव्हतं म्हणे. त्याचा आवाज बसलेला होता. मग म्हणाला, “दादा, एक बात बता. वो रुकना, वो साथ में चलना, ये तू किधर सीखा?”

माझ्या तोंडात खरं उत्तर तयार होतं, एका वाक्याचं. आणि मी म्हटलं, “साउंड का कोर्स किया था ना, उधर.”

“अच्छा कोर्स था,” तो म्हणाला.

बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. ती सुरी हातात घेऊन दारापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, “कोर्स?”

मॅनेजरचा नंबर माझ्याकडे आहे, उशिरा केला तरी तो फोन उचलतो. आज पाचवा दिवस आहे. मी अजून केलेला नाही.