मध्यबिंदूंची वही

देवळाली कॅम्प,
२१ जानेवारी २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडी बरीच आहे. आमच्या रुद्रची दहावीची सराव परीक्षा चालू आहे आणि माझ्या नववीच्या वर्गाचे गणिताचे पेपर पलंगभर पसरलेत. आई काल पिंपळगावला परत गेली. जाताना म्हणाली, "हर्षे, पोरगी बंगळूरहून दोन दिवस आलती, धड बोलली नाय तू तिच्याशी." डोकं दुखत होतं, असं मी तिला सांगितलं.

डोकं नव्हतं दुखत, निकू. पोटात दुखत होतं.

शनिवारी तुझ्या व्याख्यानाला मी दुसऱ्या रांगेत होते. तू पडद्यावर एक वेडावाकडा सप्तकोन दाखवलास. प्रत्येक बाजूचा मध्य घेतलास, ते सात बिंदू जोडून आत नवा सप्तकोन केलास. मग त्याचेही मध्य. फेरीगणिक आकार लहान होत गेला, वाकडेपणाही जिरत गेला आणि शेवटी सातही कोपरे अंड्याच्या कडेवर बसावेत तसे देखणे बसले. टाळ्या पडल्या. शाल मिळाली. पंधरा वर्षं मी मुलांना मध्यबिंदू शिकवते आहे, मला कुणी हातरुमालसुद्धा दिला नाही. तुझ्या साडीचा रंगही मला खुपला, आता बोल!

आणि त्यात तू म्हणालीस, "हा प्रश्न मला लहानपणी ताईबरोबर खेळताना सापडला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईबरोबर काय? प्रश्न माझा होता! बाबा पॅकहाऊसमधून छपाई बिघडलेले द्राक्षपेट्यांचे कागद आणायचे, आई ते सुतळीने शिवून मला वही करून द्यायची. मी दहावीत, तू तिसरीत. मी आकृत्या काढायचे आणि तू माझ्या कोपराशी लुडबुडायचीस. स्टाफरूममध्ये मी कितीदा सांगितलंय, "निकिताचं संशोधन आहे ना, त्याची मूळ कल्पना माझी."

म्हणून तू जेव्हा विचारलंस, "ताई, ती वही आहे का गं? पुस्तकात त्यातलं एक पान छापायचंय," तेव्हा मी म्हणाले, रद्दीत गेली.

नव्हती गेली. माझ्या कपाटात लग्नाच्या शालूखाली आहे. पुरावा म्हणून जपून ठेवली होती, पण इतक्या वर्षांत कधी उघडली नव्हती.

तू गेलीस त्या संध्याकाळी ती मी तुझ्या सोमनाथ भावोजींपुढे आपटली. म्हटलं, "बघा, डोकं कुणाचं ते." ते सावकाश पानं उलटत राहिले. माझे सप्तकोन पट्टीने काढलेले, नेटके. सहाव्या फेरीनंतर रेघांची गर्दी झाली म्हणून मी थांबले होते. पुढच्या पानावर मात्र तोच सहावा आकार कुणीतरी पानभर मोठा करून काढला होता. पट्टी नव्हती, सुतळी दुमडून मध्य घेतले होते, तिचे मळकट डाग अजून आहेत. तिथे गर्दी झाली की पुढच्या पानावर पुन्हा मोठा. अशी चार पानं.

"हे वर चढत जाणारं अक्षर कुणाचं?" सोमनाथांनी विचारलं.

तुझं. चौथ्या पानाखाली तू लिहिलं होतंस, "ताई, कसापण काढला तरी शेवटी अंडंच का होतं?" आणि त्याखाली लाल पेनाने माझं अक्षर, "वेळ वाया घालवू नकोस. पाढे म्हण."

हे मी साफ विसरले होते. तुझा प्रश्न मी तिथेच दडपला आणि मग चोवीस वर्षं माझा म्हणून मिरवला.

हेवा गेला असं लिहिणार नाही, खोटं होईल. आजवर वाटायचं, तू माझं घेतलंस. आता कळलं की तुझं होतं ते तुझंच होतं, आणि हे जास्त बोचतं. उद्या स्टाफरूममध्ये खरं काय ते सांगणार आहे.

वही सोबत पाठवते आहे. चौथं पान छापशील तर खालपर्यंत छाप. माझी लाल ओळ कापू नकोस.

वरचे आशीर्वाद मी सवयीने लिहिले होते. पुसून पुन्हा देते, घे.

तुला पाढे म्हणायला लावणारी,
ताई