आवाज नाही, वास नाही

९ नोव्हेंबर, रविवार

मशिदीत नमाज पढवणारे पेशइमाम उद्या गावी जाणार. बहिणीचं लग्न. बावीस तारखेला परत. असरच्या नमाजेनंतर मशिदीच्या सदरसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, मोहम्मदभाय, तवर पाच वक्ताची नमाज तुम्ही पढवा. मुसअबला कुराण तोंडपाठ, पण त्याचं हार्डवेअरचं दुकान म्हसळ्याला. दिवसा तो नसतो. शुक्रवारचा जुम्मा मात्र तोच पढवेल. मी ठीक म्हटलं. मग सदर म्हणाले, सगळं नीट चाललं तर एकवीसचा जुम्मा तुमचा.

सव्वीस वर्षं बहारिनला स्टोअरकीपर होतो. रोज पाच वेळा कोणाच्या तरी मागे उभा राहिलो. आता त्रेसष्ट. जुम्म्याला प्रवचनाच्या मिंबरवर एकदा चढायचं आहे. एकदाच.

अडचण एकच. पहाटेचा संडास. पाऊण तास लागतो आणि फजरची पहिली तकबीर चुकते. इमामाचीच चुकली तर नमाज सुरू कोण करणार?

लेक रुबिनाने मुंब्र्याहून डबा पाठवला आहे. ती औषधांच्या दुकानात आहे, तिला कळतं. प्रीबायोटिक फायबर. पांढरी पूड, किंचित गोड. वर लिहिलंय, पहिला आठवडा अर्धा चमचा. माझ्याकडे आठवडा नाही. दोन चमचे घेतले.

११ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे ५

संडास चार मिनिटांत. रुबिनाला दुआ.

सकाळी ७

पहिली फजर पढवली. तीन रांगा, छत्तीस माणसं. कुराणातली सूरा लांब घेतली. आवाज चांगला लागला असावा. मला नक्की कळत नाही, कारण वजू करताना कानाचं मशीन काढतो, ते नमाज संपेपर्यंत खिशात. स्पीकरजवळ ते शिट्टी मारतं.

संकल्प: दुपारी असरला केलेला वजू रात्री इशापर्यंत टिकवायचा. जुनी माणसं टिकवत.

संध्याकाळी

टिकला नाही. पोट ताणलेलं. दुपारी वालाचं बिरडं होतं, त्याचा हा उद्योग. पोटातून वारा सरला की वजू गेला, पुन्हा हात, तोंड, पाय धुवा. बायकोला, जुलेखाला, सांगितलं, बावीस तारखेपर्यंत घरात वाल नकोत. ती म्हणाली, वाल तुम्ही जन्मभर खाताव, आजच काय झालं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

वजू: फजरला एक, जोहरला दोन, असरला दोन, मगरिबला तीन.

तिसऱ्यांदा मशिदीच्या हौदावर बसलो तेव्हा शेजारी मुसअब. म्हणाला, चाचा, आताच तर केलाव. काय सांगणार? म्हटलं, घरी पाणी प्यायला गेलो, चाचीचा हात लागला. आपण शाफई पंथाचे. बायकोचा हात लागला तरी वजू जातो, हे इथे पोराटोरांना माहीत आहे. वेळेवर सुचलं. मुसअब खाली मान घालून पाय धूत राहिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज चाचीचा हात पाच वेळा लागला. हौदावर कोणी तरी म्हणालं, चाची परत तरणी झाली काय? सगळे हसले. हसोत.

डब्यावरचा बारीक मजकूर भिंगाने वाचला. गॅस होणं ही आतड्यातले चांगले जंतू वाढत असल्याची खूण. म्हणजे औषध लागू पडतंय आणि मी उगाच वालांवर घसरलो. खूण जितकी मोठी तितकं काम जोरात. उद्यापासून तीन चमचे. आठवड्याचं काम चार दिवसांत संपेल. एकवीसला पोट मोकळं.

वाल तरीही बंदच. चवळीही. दूधही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुसअब मिंबरवर. मी पहिल्या रांगेत, बरोबर समोर. खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही. अठरा मिनिटं. सोळाव्या मिनिटाला उठलो. तीन रांगा ओलांडून हौदावर गेलो आणि परत आलो. सगळ्यांनी पाहिलं. बाहेर पडताना सदरना म्हणालो, खुतबा जरा लांबला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पटलं असावं.

घरी जुलेखा चुलीपाशी पाठ करून बसलेली. नळावर बायका तिला म्हणाल्या, काय गो, दिवसातनं पाच वेळा? म्हातारा सोडत न्हाय व्हय? ती मला म्हणाली, मी तुमाला हात लावलाय तरी कवा? रविवारपासनं बोट लावलं न्हाय. माझी नाचक्की कशाला करताव?

इमामाची बायको म्हणून सहन करावं लागतं, असं समजावलं. तिने चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि उलथन्याने माझ्याकडे सरकवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मगरिबच्या दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, सजद्याला डोकं टेकायला जाताना, पोटात काही तरी झालं. काय झालं ते सांगता येत नाही. मागे छत्तीस माणसं. थांबायचं की पुढे जायचं? पुढे गेलो.

घरी येऊन शांतपणे विचार केला. लहानपणी शिकलेला मसला, धर्माचा नियम, स्पष्ट आहे. नुसत्या शंकेने नमाज सोडू नये. आवाज आला किंवा वास आला तरच सोडावी.

आवाज: ऐकला नाही. मशीन खिशात होतं.
वास: आला नाही. बहारिनचं ऊद अत्तर दोन्ही मनगटांना आणि दाढीला होतं.

म्हणजे नमाज झाली. मसले पाठ असण्याचा हा फायदा.

जुलेखाने शेजारपाजारी जाहीर केलं आहे की ती माझ्या खोलीत झोपत नाही. यापुढे हौदावर हात लागल्याचं सांगता येणार नाही. गरजही नाही. शंका आली तरच वजू करायचा असतो, आणि मला शंका येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

रुबिनाचा फोन. जुलेखाने कळवलं असणार. विचारलं, अब्बा, किती चमचे घेता? सांगितलंय तेवढेच, म्हटलं. खरं सांगा, म्हणाली.  मग तिने समजावलं. ती पूड पोटात पचत नाही, खाली आतड्यात जाऊन आंबते, इडलीच्या पिठासारखी. एकदम जास्त घेतली की पीठ भांड्याबाहेर येणारच. चार दिवस बंद करा, मग अर्ध्या चमच्याने सुरू करा, पाणी भरपूर प्या.

मी विषय बदलला. म्हटलं, शुक्रवारी तुम्ही सगळे या, सासऱ्यांनाही आणा, जुम्मा मी पढवतोय. ती एकदम खूश. गाडी करून येतो म्हणाली.

सदरनी अजून पक्कं सांगितलेलं नाही. सांगतील.

पूड आता बंद केली तर पहाटेचा पाऊण तास परत येणार. अवघे पाच दिवस उरलेत. अशा वेळी घडी मोडू नये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सदरनी नवा उभा पंखा आणला. पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवला, तोंड माझ्याकडे. माझ्या बाजूची खिडकीही उघडून दिली. नोव्हेंबरात. पेशइमामांना आठ वर्षांत पंखा मिळाला नाही.

पहिली रांग आज एक पाऊल मागे उभी होती. मधे बरीच जागा. मोठ्या मशिदीत इमामाला अशीच जागा देतात.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवतो. पेशइमामांच्या वेळी नमाज संपताच निम्मे लोक चपला शोधू लागत. माझ्यामागे कोणी उठत नाही. मी बाहेर पडेपर्यंत सगळे बसून असतात. सदर तर म्हणतात, मोहम्मदभाय, दमलाव, घरी जावा. ही अदब मागून मिळत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सूरा आता सगळ्यात लहान घेतो. इशा सहा मिनिटांत. लोकांना सकाळी कामं असतात.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. चौथ्या मिनिटानंतर मला घाम फुटतो. अंगठे जमिनीत रुततात. कोणती रकात चालली आहे ते विसरायला होतं. आज मगरिबला तीनऐवजी दोनवरच बसलो होतो. मुसअबने मागून सुबहानल्लाह म्हणून आठवण करून दिली, तीही दोनदा, कारण पहिली ऐकू आली नाही. उठलो. उठताना शंका आली. शंकेला महत्त्व दिलं नाही.

इशानंतर घरी येऊन ओटीवर बसलो. मशिदीचे दिवे अर्धा तास तसेच जळत होते. काल आणि परवाही. बिल कोण भरणार? बावीस तारखेनंतर बैठकीत मांडणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जोहरनंतर सदर म्हणाले, शुक्रवारी तुम्हीच. शब्द दिलता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. घाईत होते.

मुसअब रोज बरोबर माझ्या पाठीमागे उभा राहतो. रीतच आहे तशी. इमामाचा वजू गेला तर त्याने मागच्याचा हात धरून त्याला पुढे ओढायचं आणि आपण बाजूला व्हायचं. यात लाज नाही. तीन वर्षांपूर्वी पेशइमाम असेच भर नमाजेतून गेले होते. दुसऱ्या दिवशी कोणी विषयही काढला नाही.

पण पेशइमाम आठ वर्षांचे. मी नऊ दिवसांचा. मी मुसअबचा हात एकदा धरला तर शुक्रवारी मिंबरवर तोच चढणार. तो बिचारा काही बोलत नाही. नुसता उभा असतो. तेच वाईट.

२० नोव्हेंबर, गुरुवार. इशानंतर

उद्या खुतबा. आपला आवाज लोकांना कसा ऐकू जातो ते पाहावं म्हणून आज वजूनंतर मशीन कानात घातलं. आवाज बारीक ठेवला, शिट्टी वाजली नाही. पहिल्या दोन रकाती. आवाज खरोखर चांगला आहे.

तिसरी रकात मनातल्या मनात पढायची. मशिदीत शांतता. रुकूत वाकलो आणि आवाज आला. दोनदा ऐकला. एकदा पाठीमागून, एकदा स्पीकरमधून.

मग पंख्याचा आवाज. कोणी हसलं नाही. कोणी खाकरलं नाही. शाळकरी पोरंसुद्धा नाही. ज्या अर्थी कोणी हसलं नाही त्या अर्थी कोणाला ऐकू गेलं नाही. किंवा त्यांना हे नवीन नाही.

मुसअब दोन हातांवर होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. हात मागे करायचा, एवढंच. केला नाही. उरलेली नमाज वजूशिवाय पढवली. सलाम फिरवून संपवली. सदर म्हणाले, जावा घरी, दमलाव.

रात्री ८.४०

पंख्याचा आवाज असू शकतो. नवीन पंखा आहे. जुलेखाला विचारलं, बायकांच्या खोलीत स्पीकरवर काही ऐकू येतं का? ती म्हणाली, आज विचारताव?

सदरना जाऊन सांगतो. आजच्या इशापुरतं. छत्तीस माणसांची नमाज माझ्यामुळे राहिली आहे, ती त्यांनी दुरुस्त करायला हवी. उद्याचा जुम्मा जाईल. जाऊ दे. सांगतो.

रात्री ९.३०

गेलो. दिवे चालू. दाराशी सगळ्यांच्या चपला, एकही हललेली नाही. आत तीन रांगा उभ्या. पुढे मुसअब. इशाची तिसरी रकात.

सदर पहिल्या रांगेत. हातात काठी असलेले ऐंशी वर्षांचे अल्लीचाचा खुर्चीवर. कोणी सूचना दिल्यासारखं नव्हतं. रोजच्या कामाला उभे राहिल्यासारखे उभे होते.

मागच्या रांगेत जागा होती. हौदावर जाऊन वजू केला. दारापर्यंत आलो, परत जावं लागलं. पुन्हा केला. आत आलो तेव्हा सलाम फिरला होता.

सगळ्यांनी मला पाहिलं. अल्लीचाचांनी नजर छताकडे नेली. मुसअब उठून आला. म्हणाला, चाचा, काय विसरलाव काय? सदर म्हणाले, खुतबा तयार हाय ना उद्याचा?

अजूनही देणार होते. मी तोंड उघडलं. जे सांगायला आलो होतो ते त्यांना दहा दिवसांपासून माहीत होतं. मी म्हटलं, घसा बसलाय, उद्या मुसअबला सांगा.

सदर म्हणाले, व्हय, घसाच. थंडी पडली. मिठाच्या गुळण्या करा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रुबिना, जावई आणि व्याही बारा वाजता आले. व्याह्यांनी नवी टोपी घातली होती. मी त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळ नेलं. त्यांनी विचारलं, तुम्ही पुढे नाही? घसा, म्हटलं. तासभर त्यांच्याशी बोलत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मुसअबने खुतबा अकरा मिनिटांत संपवला. माझ्यासाठी नसावा.

रुबिनाने डबा तिच्या पिशवीत टाकला.  जुलेखाने जाताना तिला डोळ्यांनी काही तरी सांगितलं.

दुपारी हिशेब केला. दहा दिवसांच्या पन्नास नमाजा. मधला जुम्मा मुसअबचा, तो सोडून एकोणपन्नास. पहिल्या चार दिवसांत दर वेळी वजू पुन्हा केला, पुढे फक्त शंका होती, त्या धरायच्या नाहीत. ज्यात आवाज आला तेवढ्याच धरायच्या. म्हणजे एक. मग खिशातल्या मशीनकडे पाहिलं. एकोणपन्नास.

छत्तीस जणांच्या केव्हाच झाल्या आहेत. जोहर-असरच्या त्यांनी घरी जाऊन एकेकट्याने पढल्या, असं जुलेखा म्हणते. राहिल्यात त्या फक्त माझ्या.

रोज पाच जास्तीच्या पढल्या तर दहा दिवसांत फिटतील. खोलीचं दार लावून घेतलं. पहिली सुरू केली.

दुसऱ्या रकातीत सोडावी लागली.