कुत्र्याला केस हवेत

९ मार्च, रविवार

प्रिय आक्का,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण विचारलं की तू सूनबाईकडून "बरी आहे म्हणून सांग" एवढंच कळवतेस. फोनही तीच उचलते. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही.

तुझं शिलाई मशीन सुखरूप पोचलं. सोबत सूनबाईच्या अक्षरातली चिठ्ठीही पोचली, "मला आता नको, तू वापर." चिठ्ठीबद्दल नंतर बोलू. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलंय. त्याच्यापुढे बसलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. वाटतं, आत्ता मागून तुझी टपली बसेल.

निम्मं गाव तुझ्या क्लासात शिवण शिकलं आणि सख्खी बहीण तेवढी कोरी राहिली, हे तुला ठाऊकच आहे. तरी धीर करून पहिल्यांदा उशीचा अभ्रा शिवला. अगदी मन लावून शिवला. चारही बाजूंनी शिवला. उशी बाहेरच राहिली. तुझे मेव्हणे म्हणाले, "छान झालाय, आत धूळ जायची भीती नाही."

त्यांचंही सांगते. जन्मभर लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या आणि धडाधड नापास केलं. निवृत्त झाल्यावर नापास करायला घरात मी एकटी उरले. त्यांचं मन रमावं म्हणून लेकीनं टॅब्लेट दिला, बातम्या वाचायला. यांनी बातम्या सोडल्या आणि त्यावर प्राणी काढायला घेतले. सकाळी चहा झाला की हत्ती, आंघोळ झाली की जिराफ. चित्रं वाईट नसतात गं, पण सगळे प्राणी परीक्षेला बसल्यासारखे दिसतात. वाघसुद्धा घाबरून समोर बघतो.

मग आम्ही ठरवलं की यांनी प्राणी काढायचा आणि मी तो कापडाचा शिवायचा. पाणघोडा घेतला. यांनी त्याचे सगळे तुकडे मापात काढून छापून आणले, मी बरोबर रेघेवर कात्री चालवली आणि रेघेच्या आतून टीप मारली. कडेनं शिवणीसाठी जागा सोडायची असते हे यांना माहीत असण्याचं कारण नाही, आणि मला आठवलं नाही. पाणघोडा उलटवून बाहेर काढला तर उंदीर निघाला. "मार्जिन, मार्जिन!" असं तू ओरडलेलं मला इथं ऐकू आलं. तो पत्रासोबतच्या पार्सलमध्ये घातलाय. त्याची शेपूट पोटात राहिली आहे, बाहेरून चाचपलीस तर हाताला लागेल.

खरं सांगू? आधी माझा बेत होता की मुद्दाम थोडं वेडंवाकडं शिवून तुला पाठवायचं. तुला वाकडी टीप बघवत नाही. चिडून तरी फोन करशील, असं वाटलं. पण मुद्दाम काही करावंच लागलं नाही, बघ.

आता मुख्य गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर डेंटिस्टबाई राहतात. त्यांचा एक झिपरा कुत्रा आहे. इतका झिपरा, की पुढची बाजू कुठली ते त्यानं बिस्कीट खाल्ल्यावरच समजतं. बाईंनी यांना त्याचं चित्र काढायला सांगितलं. यांनी आठवडाभर घाम गाळला आणि नेऊन दाखवलं. बाईंनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि विचारलं, "हा सील आहे का?"

घरी येऊन हे जेवले नाहीत.

झालं होतं काय, की त्या टॅब्लेटमध्ये एक सोय आहे. ती चालू ठेवली की आपला हात कितीही हलला तरी रेघ सरळ, गुळगुळीत उमटते. यांना ती फार आवडते, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आठवत असतील. पण त्या सोयीमुळे कुत्र्याला केसच येईनात, नुसता तुकतुकीत. सोय बंद करून पाहिली, तर यांचा हात मेला इतका स्थिर की तरी एकेक केस पट्टीनं आखल्यासारखा.

मग एकदा आम्ही बसनं बाजारात निघालो होतो. हे टॅब्लेट घेऊन बसलेले. रस्ता खणलेला, बस गदागदा हालत होती, आणि एकदम हे ओरडले, "आला! कान आला!" सगळी बस वळून बघायला लागली. खरंच, हादऱ्यांमुळे कुत्र्याचा डावा कान असा झकास झिपरा उतरला होता, की त्यात हात घालावासा वाटला. त्यानंतर हे रोज त्याच बसनं फिरायला लागले. कंडक्टरनं विचारलं, "काका, उतरायचं कुठं?" तर म्हणाले, "आधी कुत्र्याची पाठ होऊ दे." पण पालिकेनं तो रस्ता नेमका तेव्हाच दुरुस्त केला. मग हे घरात वॉशिंग मशीनला टेकून उभे राहिले. धुतलेलेच कपडे पुन्हा पुन्हा धुतले आम्ही. माझ्या निळ्या ओढणीचा रंग गेला, यांच्या कमरेत उसण भरली आणि कुत्रा अजून एका कानाचाच आहे.

कमरेला शेक देताना मला तू आठवलीस.

आक्का, इतका वेळ मी कुत्रा, कान, पाणघोडा करत बसले, कारण तुझ्या हाताबद्दल लिहायचं धाडस होत नव्हतं. सूनबाईनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तू सुईत दोरा ओवायला गेलीस आणि जमलं नाही, मग उठून मशीनवर कापड घातलंस आणि पुन्हा काढलंच नाहीस. उजवा हात दिवसभर शालीखाली ठेवतेस. घरात उकाडा असला तरी. डॉक्टर म्हणाले, धोक्याचं काही नाही, पण ही थरथर आता राहणार. तू ऐकून घेतलंस आणि खुर्ची खिडकीकडे वळवलीस. ज्या बाईला मी रिकाम्या हातानं बसलेलं कधी पाहिलं नाही, ती तशी बसते, हे मला सहन होत नाही. मशीन उघडलं तेव्हा खणात तुझा खडू सापडला, बोटांनी झिजलेला. मी तो हातात धरून रडले. हे पण लिहून टाकते.

तर ऐक. यांना लेकीनं नवा टॅब्लेट घेतलाय. जुना पार्सलमध्ये आहे. त्यात डेंटिस्टबाईंचा कुत्रा आहे, एक कान सोडून उघडाबोडका. ती सोय चालू ठेवलीस तर तुझी रेघ सरळ येईल, हवं तर तशी गुलाबं काढ, काय हवं ते काढ. पण आधी ती बंद कर आणि या कुत्र्याला केस काढून दे. ज्यासाठी माझा नवरा बसची तिकिटं काढत फिरला, ते तुझ्या हातात घरबसल्या आहे.

लिहिलं एकदाचं. रागावलीस? रागाव. बरोबर चिठ्ठीचं उत्तरही देते. "मला आता नको" हे मला मान्य नाही. मशीन मी सांभाळायला ठेवलंय, माझं म्हणून नाही.

तुझ्या टपलीची वाट पाहणारी,
धांदल

*

२ एप्रिल

धांदल,

पत्र मी स्वतः लिहिते आहे. सूनबाई म्हणाली, "द्या, मी लिहून देते." म्हटलं, नको. अक्षर लागलं नाही तर मेव्हण्यांना वाचायला सांग, त्यांना हादऱ्यांची सवय आहे.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. माझा हात म्हणजे काय बस आहे? तीन दिवस टॅब्लेटला हात लावला नाही. पाणघोडा मात्र समोर होता. तो काही बघवेना. डाव्या हातानं उसवायला घेतला, तर शेपूट खरंच पोटात. मला हसू आलं, सूनबाई धावत आली काय झालं म्हणून. बऱ्याच दिवसांत हसले नव्हते गं.

मग टॅब्लेट उघडला. ती सोय चालू करून एक मांजर काढलं. गुळगुळीत झालं, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखं. आवडलं नाही. सोय बंद केली आणि तुमचा कुत्रा घेतला. पाठीपासून सुरुवात केली. हात हलत होता, मी हलू दिला. संध्याकाळी सूनबाई दिवा लावायला आली आणि म्हणाली, "याला विंचरायला हवं." चित्र पाठवलं आहे. डेंटिस्टबाईंनी ओळखला का, ते लगेच कळव. पुढची बाजू मी अंदाजानं काढली आहे.

सुईत दोरा अजून ओवता येत नाही. पुढेही येणार नाही. त्याचं वाईट वाटतं आणि वाटत राहणार, त्यावर तू काही लिहू नकोस.

मशीन तिथंच राहू दे. पुढच्या महिन्यात मीच येते. मी बसून सांगेन, तू शिवशील, आणि कडेनं बोटभर जागा सोडल्याशिवाय कात्री हातात मिळणार नाही. टपली त्याच हातानं देईन, एकीच्या जागी चार बसतील. तयार राहा.

शाल धुऊन कपाटात ठेवली आहे.

तुझी,
हात थरथरणारी
आक्का