खोंडाचं प्रशस्तिपत्र

कोडोली,
९ नोव्हेंबर १९९८

ती. हंबीरदादांस,
शालूचा शि. सा. न. वि. वि.

बहिणीला चार ओळी लिहायला तुम्हाला सवड नाही, पण तुमच्या औषधाच्या बाटलीवर आपल्या आबांचा फेट्यातला फोटो छापायला बरी सवड झाली. इथे बायका फोटोला हात जोडून जनावरांना औषध पाजतात. ‘सरकारमान्य, लाळ-खुरकत होणारच नाही, लस नको’ असं वाचून मीच सगळ्यांना सांगितलं. लस टोचायला आलेले सरकारी डॉक्टर हात हलवत परत गेले.

आता शेजारच्या तानाबाईंची म्हैस लाळ गाळते आहे, रेडीही मलूल आहे. औषध आणखी किती दिवस पाजायचं ते कळवा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
शालू

गडहिंग्लज,
१३ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

औषध बंद कर, डॉक्टरांना आजच बोलाव. काल औषध प्रशासनाचे साहेब दुकानात आले. सरकारमान्य कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी रुबाबात भिंतीवरचं आबांचं प्रशस्तिपत्र काढून दिलं, तेच, जनावरांच्या प्रदर्शनातलं, सरकारी शिक्क्याचं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं: उत्कृष्ट खोंड, मालक पिराजी. शालू, मान्यता खोंडाला होती. गिऱ्हाईकं हसली. साहेब हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

बाटल्या जप्त झाल्या. प्रशस्तिपत्र मी कधी नीट वाचलंच नव्हतं, ही चूक झाली. पण ‘लस नको’ हे माझ्याच मनचं, खप वाढावा म्हणून घातलेलं. तोंड दाखवायला जागा नाही. तू मात्र गावात बोलू नकोस, आबांचं नाव जाईल.

तुझा,
दादा

कोडोली,
१८ नोव्हेंबर १९९८

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच सकाळी रेडी गेली. डॉक्टरांना बोलावून म्हशीला सुई दिली, पण बाटलीबद्दल मी गप्प बसले. संध्याकाळी तानाबाई आल्या. सुई झाली तरी आबांचं औषध पायजेच की, एक बाटली मागव, म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दूध संस्थेत सगळ्यांसमोर सांगितलं, की बाटलीवरचं खोटं आहे, ज्यांची जनावरं धड आहेत त्यांनी लस टोचून घ्यावी. तानाबाई भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पिराजीअण्णांच्या लेकाला, म्हणजे तुम्हाला, हे ठाऊक होतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

मी ‘नव्हतं’ म्हटलं. दादा, तेवढं खोटं तुम्ही स्वतः येऊन दुरुस्त करा. लोभ आहे, म्हणूनच लिहिते.

शालू