ग्राइंडर घोटीला नेतेय

अहो,

ग्राइंडर शोधू नका, तो माझ्या पिशवीत आहे. घोटीला आईकडे चाललेय, संध्याकाळच्या एसटीने येते. तोवर गाडीचा नवा दरवाजा घासायचा नाही.

काल हर्षदला फोनवर किती बोललात! "लंडनला बसून बापाला भलत्याच मापाचा दरवाजा पाठवतोस?" पोरगं नुसतं "बरं, बाबा" म्हणालं आणि फोन ठेवला. तुमच्या त्या लाल स्पोर्ट्स कारसाठी कुठकुठे फिरून त्याने तो मिळवलाय. दुसरा मिळायचा नाही.

तुम्ही तणतणत फिरायला गेलात, तेव्हा मी बघितलं. गाडी पुढच्या-मागच्या टोकांना स्टँडवर ठेवलीत. वर टप नाही, मग बिचारी मधोमध वाकते आणि दरवाजा वरच्या कोपऱ्यात अडतो. मी जॅकवर जेवायचा पाट ठेवून तिला बरोबर दरवाजाखाली जराशी उचलली, तर फट वरपासून खालपर्यंत सारखी! ब्लाउज बसला नाही तर मी आधी बाई सरळ उभी आहे का ते बघते, कात्री मग.

पाट काढू नका. बोल्ट आधी हातानेच फिरवा, पान्याने नंतर आवळा. कुकरमध्ये वरण-भात आहे.

दरवाजा लागला की आधी हर्षदला फोन करा. माफी मागणं तुम्हाला जमायचं नाही, ठाऊक आहे मला. "बसला रे" एवढंच म्हणा. त्याला कळेल.

कुंदा